सत्तावीस रेघांची पट्टी

"एमटीबी डिटेक्टेड, रिफाम्पिसिन रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड" एवढं वाचलं आणि मिस्टरांनी दवाखान्याच्या पायरीवरच बसून माझ्या भावाला फोन लावला, म्हणे टीबी निघाला पण साधा आहे, सहा महिने गोळ्या घ्यायच्या, बरी होते. मी पण मान हलवली. मी बीएस्सी मायक्रो झालेली आहे, अमळनेरला घरीच अकरावी बारावीचे बायोलॉजीचे क्लास घेते, त्या ओळीत जंतू रिफाम्पिसिन या फक्त एकाच औषधाला दाद देतो का एवढंच लिहिलंय हे मला दिसत होतं. पण तीन महिने खोकून जीव इतका थकला होता की "नॉट डिटेक्टेड" हे शब्दच गोड लागले, पुढचा विचार केलाच नाही. पुढे महिनाभराने दुसरा रिपोर्ट आला आणि सगळं बदललं. त्या दुसऱ्या रिपोर्टबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही म्हणून हे लिहायला बसले.

सुरुवात दिवाळीनंतरची. शेतात कापूस वेचणी चालू होती, घरात कापसाचे ढीग, धूळ, त्यामुळे खोकला लागला तर कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही. पंधरा दिवसांनी एका खाजगी डॉक्टरांकडे गेले, त्यांनी सिरप आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, बरं वाटलं, परत सुरू झाला, परत त्याच गोळ्या. बेडका तपासा असं काही त्यांनी सांगितलं नाही. मी पण विचारलं नाही. डिसेंबरात रोज संध्याकाळी अंगात कणकण, रात्री एवढ्या थंडीत उशी घामाने ओली, वजन ४७ वरून ४१. शेवटी सासूबाईच एक दिवस चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "तुना खोकला काबर जात नही माय? सरकारी दवाखानामा दखाडी ये." त्यांच्या बहिणीला लहानपणी टीबीने नेलं होतं, त्यांनी तो खोकला ओळखला होता, फक्त नाव घेत नव्हत्या.

सरकारी दवाखान्यात लॅबवाल्या दादांनी दोन डब्या दिल्या. एक तिथेच, एक दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या. आणि त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगते कारण निम्म्या लोकांचं इथेच चुकतं. थुंकी नको, बेडका हवा. आधी साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन तीनदा खोल श्वास घ्यायचा, थोडा रोखायचा आणि मग छातीतून खोकायचं. उघड्यावर, घरात नाही, आजूबाजूला कुणी नको. घट्ट, पिवळट आलं पाहिजे, पाण्यासारखी लाळ आली तर ती टेस्ट फुकट. मी सकाळी गच्चीवर जाऊन दिला, पोरं झोपेत असताना.

मशीन सीबीनॅट. कॉफीच्या मशीनएवढा डबा असतो, त्यात प्लास्टिकचं कार्ट्रिज घालतात आणि दोन तासांच्या आत रिपोर्ट. आत काय होतं ते कॉलेजात मी शिकले नव्हते कारण आमच्या वेळी ते आलंच नव्हतं, जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली ती २०१० च्या डिसेंबरात. पण मूळ तत्त्व तेच, जे आम्ही शिकलो. डीएनएच्या दोन दोऱ्या असतात, ए समोर टी, जी समोर सी. गरम केलं की दोऱ्या सुटतात, थंड केलं की आपापली जोडी शोधून परत चिकटतात. मग आपण एखादा छोटा तुकडा मुद्दाम तयार करून टाकला, ज्याची अक्षरं टीबीच्या जंतूच्या अक्षरांना बरोबर जुळतात, तर तो लाखोंच्या गर्दीत जाऊन त्यालाच चिकटतो. याला हायब्रिडायझेशन म्हणायचं आणि त्या तुकड्याला प्रोब. सीबीनॅटच्या मूळ कार्ट्रिजमधे असे पाच प्रोब आहेत, एकेक मुठीसारखा मिटलेला, जोडी सापडली की मूठ उघडते आणि उजेड पडतो, मशीन तो उजेड मोजतं. पाचही मिळून जंतूच्या आरपीओबी नावाच्या जीनमधली फक्त ८१ अक्षरं बघतात. टीबीच्या जंतूची एकूण अक्षरं साधारण ४४ लाख. त्यातली ८१. तिथे बदल असेल तर रिफाम्पिसिन चालत नाही, म्हणून ती ८१ फार महत्त्वाची, पण आयसोनियाझिड हे दुसरं मोठं औषध चालेल का नाही ते या ८१ अक्षरांत लिहिलेलं नसतं. ते वेगळ्या जीनमधे असतं. तिथे हे मशीन बघतच नाही.

हे मी आता लिहितेय इतक्या शांतपणे, तेव्हा मला हे कुणी सांगितलं नाही आणि मी स्वतःला आठवून दिलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या, माझ्या वजनाला रोज तीन, एकाच गोळीत चार औषधं असतात ती. निक्षय या टीबीच्या सरकारी नोंदणीवर नाव गेलं, बँकेचं पासबुक दिलं, पोषण आहाराचे महिन्याला १००० रुपये येतात त्यासाठी, आधी ५०० होते. घरी आशाताई आल्या, सगळ्यांचे एक्स-रे झाले, सगळे क्लिअर. माझा धाकटा चार वर्षांचा, त्याला पाच वर्षांच्या आतला म्हणून प्रतिबंधाची गोळी सुरू केली, आयसोनियाझिड, सहा महिने रोज. मी मास्क लावून वेगळ्या खोलीत. क्लास बंद. एका पालकांनी फोन करून विचारलं की आधीच्या महिन्यात आमची मुलगी तुमच्याकडे बसत होती त्याचं काय, आणि त्यांचं बरोबरच होतं, मीच सगळ्या पोरांची यादी आशाताईंना दिली होती. पण त्या दिवशी जेवले नाही.

पहिला रिपोर्ट घेऊन निघताना लॅबवाल्या दादांनी सहज सांगितलं होतं, ताई तुमचा दुसरा सॅम्पल मोठ्या लॅबला पाठवतोय एलपीएसाठी, रिपोर्ट येईल. मी हो म्हणलं. एलपीए म्हणजे लाइन प्रोब अॅसे, आयसोनियाझिडसकट औषधांना जंतू दाद देतो का ते पट्टीवर बघायची टेस्ट. बर्फाच्या जेलपॅकच्या डब्यात, तीन आवरणं गुंडाळून, निळ्या झाकणाच्या नळीत सॅम्पल जातो. दहा बारा दिवसांनी फोन आला की सॅम्पल रिजेक्ट झाला, नळी गळालेली पोचली, परत द्या. झाकण कुणी नीट बसवलं नाही हे शोधत बसण्यात अर्थ नव्हता. परत गच्ची, परत सकाळ. पण ते दहा बारा दिवस आजही मला टोचतात, कारण तेवढे दिवस माझ्या पोटात जाणारं एक औषध काहीच करत नव्हतं. आणि पोराच्या पोटात जाणारं तर तेवढं एकच होतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला रिपोर्ट आला. आमच्या भागाचे टीबी सुपरवायझर स्वतः घरी आले, फोनवर सांगितलं नाही. कागदावर लांबलचक तक्ता, एकेका रेघेपुढे प्रेझेंट, अॅब्सेंट. आरपीओबी, डब्ल्यूटी म्हणजे मूळ अक्षरांच्या रेघा, एक ते आठ सगळ्या प्रेझेंट. इनएचए, आयसोनियाझिडसाठी बघतात त्यातलं एक जीन, ठीक. मधे कॅटजी, त्यातलंच दुसरं. डब्ल्यूटी अॅब्सेंट. एमयूटी वन, म्हणजे बदललेल्या अक्षरांची रेघ, प्रेझेंट. खाली एका ओळीत, आयसोनियाझिड रेझिस्टन्स डिटेक्टेड.

मिस्टर म्हणाले, "पण आधीच्या रिपोर्टमधे तर सगळं नॉर्मल होतं ना साहेब?" साहेब म्हणाले, नॉर्मल नव्हतं भाऊ, तेवढंच तपासलं होतं.

त्या रात्री मी माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीला फोन केला. आम्ही दोघी एका बाकावर बसायचो, तेव्हाचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, आता त्याला बहिणाबाईंचं नाव लागलंय. ती आता अशाच एका लॅबमधे काम करते, दुसऱ्या शहरात. तिने मला एका पट्टीचा फोटो पाठवला, माझी नाही, शिकवण्यासाठी ठेवलेली जुनी. बोटाएवढी अरुंद पांढरी पट्टी, तिच्यावर आडव्या जांभळ्या रेघा, काही गडद काही नाहीतच. म्हणाली मोज, एकूण २७ जागा आहेत.

आणि मग तिने अर्धा तास समजावलं, मी उशाशी वही घेऊन लिहीत होते. बेडका आला की आधी रसायनाने त्यातले बाकीचे जंतू मारतात, टीबीचा जंतू मेणचट आवरणामुळे टिकतो. मग तो फोडून डीएनए काढायचा. मग पीसीआरने हव्या त्या तीन जागांच्या लाखो कॉप्या करायच्या, आणि कॉपी करतानाच प्रत्येकीला बायोटिनची शेपटी लावून टाकायची. तीन कामं तीन वेगळ्या खोल्यांत, कारण एका पेशंटच्या डीएनएचा कण दुसऱ्याच्या नळीत गेला तर निरोगी माणसाला रेझिस्टन्सचा शिक्का बसेल. मग त्या कॉप्यांच्या दोऱ्या सोडवायच्या आणि पट्टी त्या पाण्यात बुडवायची. पट्टीवर प्रत्येक रेघेच्या जागी एकेक प्रोब आधीच चिकटवलेला आहे. ४५ अंशावर अर्धा तास हलवत ठेवायचं. ज्याची जोडी जुळली तो तुकडा त्या जागी बसला. नंतरचं धुणं सगळ्यात महत्त्वाचं, तेही ४५ अंशावर, पंधरा मिनिटं, ज्यात एका अक्षराने चुकलेली जोडीसुद्धा सुटून वाहून जाते आणि फक्त तंतोतंत जुळलेली राहते. पाणी थोडं गार असलं तर चुकीच्या जोड्या पण चिकटून राहतील, जास्त गरम झालं तर बरोबर जोड्याही सुटतील. मग त्या शेपटीला चिकटणारं एन्झाइम टाकायचं, मग रंगाचं द्रावण, जिथे जोडी आहे तिथे जांभळी रेघ.

म्हणजे माझ्या जंतूच्या कॅटजी जीनमधे मूळ अक्षरांचा प्रोब रिकामा राहिला आणि बदललेल्या अक्षरांचा प्रोब जांभळा झाला. बदल केवढा, तर ३१५ नंबरच्या जागी एजीसी च्या ऐवजी एसीसी. एक अक्षर. आयसोनियाझिड हे औषध पोटात जातं तेव्हा ते अजून तयार औषध नसतंच, जंतूचंच कॅटजी नावाचं एन्झाइम त्याला चालू करतं आणि मग ते जंतूला मारतं. ते एक अक्षर बदललं की एन्झाइम औषधाला चालूच करत नाही. गोळी येते आणि तशीच जाते.

आम्ही दोघींनी टीवायला सदर्न ब्लॉट, डीएनए ओळखायची जुनी पद्धत, दहा मार्कांसाठी पाठ केला होता. एडविन सदर्न, १९७५, जेलवर नायट्रोसेल्युलोजचा कागद, त्यावर टिपकागदांची चळत, त्यावर वजन, रात्रभर मिठाचं पाणी वर चढतं आणि डीएनए कागदावर उतरतो, मग किरणोत्सारी प्रोब. मी ती आकृती इतकी छान काढायचे की मॅडम वही वर्गात फिरवायच्या. तेव्हा आम्हाला ते फक्त आकृती काढण्यापुरतं होतं. मैत्रीण म्हणाली, "अगं हे तेच आहे, उलटं केलेलं. तेव्हा डीएनए कागदावर आणि प्रोब पाण्यात, आता प्रोब कागदावर आणि डीएनए पाण्यात." मी फोन ठेवला आणि खूप रडले, भीतीने नाही, कशाने ते सांगता येत नाही. आपण शिकलेलं काहीतरी आपल्याच जिवाशी येऊन उभं राहिलं तसं.

सकाळी सासूबाईंना सांगायचं होतं. त्या दारातच उभ्या, "माले काय समजस, तू सांग." मी त्यांच्या शिवणाच्या डब्यातून टिच बटणांची पट्टी काढली, ब्लाउजला लावतो ती. म्हणलं आई, ही एक बाजू आणि ही दुसरी बाजू, सगळी बटणं समोरासमोर आली की टकाटक बसतात, ओढून सुटत नाही. आता यातलं एक बटण मी थोडं सरकवलं, तर बसेल पट्टी, पण नीट नाही, झटका दिला की सुटेल. लॅबवाले असंच करतात, आधी बसवून बघतात, मग झटका देऊन बघतात. त्यांनी पट्टी हातात घेऊन दोनदा बसवली, दोनदा सोडली. मग म्हणाल्या, "जंतू बी इतला हुशार ऱ्हास का?" आणि लगेच पुढचा प्रश्न, जो माझ्या मनात रात्रभर होता आणि मी तोंडावर आणत नव्हते. "मंग पोर्‍याले जी गोळी देतस ती?"

तीच तर गोष्ट. धाकट्याला चालू होती ती आयसोनियाझिडच. माझ्याकडून त्याच्या छातीत काही गेलं असेल तर ते माझ्याच जंतूचं, त्याच अक्षराचं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि त्याची गोळी बदलून रिफाम्पिसिन चार महिने असं लिहून दिलं. परत एकदा एक्स-रे, परत वजन, तो ठणठणीत होता. दुसऱ्या रिपोर्टची वाट न बघता आम्ही सहा महिने निवांत राहिलो असतो तर पोराला रोज नेमाने जे देत होतो त्याचा त्याला उपयोग नव्हता. मला झोप न लागण्याचं खरं कारण हे होतं, माझं स्वतःचं नंतर.

आता माझं. नवीन औषधांची योजना म्हणजे आयसोनियाझिड काढायचं आणि लिव्होफ्लॉक्सासिन घालायचं, बाकी रिफाम्पिसिन, एथॅम्ब्युटॉल, पायराझिनामाइड तेच, एकूण सहा महिने. लिव्होफ्लॉक्सासिन हे नाव ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. घरी येऊन जुन्या चिठ्ठ्या काढल्या. त्या खाजगी डॉक्टरांनी खोकल्यासाठी दोनदा पाच पाच दिवस दिलेली गोळी हीच. टीबी असताना हे औषध एकटंच थोडे थोडे दिवस दिलं तर दोन गोष्टी होतात, एक तर खोकला थोडा कमी होऊन टीबी सापडायला उशीर होतो, आणि दुसरं, जंतूला या औषधाची सवय लागू शकते. म्हणजे जे औषध आता मला वाचवणार होतं ते मी आधीच वाया घालवलं होतं का?

हे सुपरवायझर साहेबांना चिठ्ठीसकट दाखवलं. ते म्हणाले ताई, हे बरं केलं सांगितलं, पण याची तपासणी तशीही होतेच, आयसोनियाझिड रेझिस्टन्स आला की त्याच सॅम्पलवर दुसरी पट्टी लावतात, सेकंड लाइन एलपीए, त्यात जायरए आणि जायरबी जीन बघतात. चार पाच दिवस. ते चार पाच दिवस मी घरात काय केलं मला आठवत नाही. मैत्रीण रोज संध्याकाळी फोन करायची. एकदा तिनेच विषय काढला, "तुझ्या मामांची फिश टेस्ट आठवते?" आमच्या भुसावळच्या मामांना ब्लड कॅन्सर निघाला होता, सीएमएल, पांढऱ्या पेशी भरमसाट वाढल्या होत्या, रक्त मुंबईला पाठवलं होतं. फिश म्हणजे तेही हायब्रिडायझेशनच, फक्त पट्टीवर नाही, काचेवर ठेवलेल्या पेशीच्या आत. नऊ नंबरच्या क्रोमोसोमच्या जीनला लाल प्रोब, बावीस नंबरच्याला हिरवा. चांगल्या पेशीत दोन लाल दोन हिरवे ठिपके वेगवेगळे दिसतात, आजारात ते दोन क्रोमोसोम एकमेकांचे तुकडे बदलतात आणि एक लाल एक हिरवा एकमेकांवर येऊन पिवळा दिसतो. अंधाऱ्या खोलीत बसून कुणीतरी मामांच्या एकेक पेशीतले ठिपके मोजले होते. ते पिवळे दिसले म्हणूनच इमॅटिनिब हे औषध सुरू झालं आणि मामा आज शेतात जातात. मैत्रीण म्हणाली, रिपोर्ट वाईट आला तरी तो रस्ता दाखवतो, भिऊ नको.

दुसऱ्या पट्टीवर जायरएच्या सगळ्या मूळ रेघा होत्या. लिव्होफ्लॉक्सासिन चालणार होतं.

औषधं सुरू करायच्या आधी जळगावला जाऊन तपासण्या करायच्या होत्या, ईसीजी, लिव्हर, किडनी, शुगर, डोळे. सकाळची पॅसेंजर धरून गेलो. ओपीडीत रांगेत शेजारी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून आलेली एक पावरा बाई बसली होती, मांडीवर सहा सात वर्षांचा मुलगा, हातपाय दुखतात म्हणून कण्हत होता, सिकलसेल. तिची बोली मला अर्धी कळत होती, माझी तिला. मी तिच्याकडे बघत विचार करत होते की तिथेही एकच अक्षर. हिमोग्लोबिनच्या जीनमधे जीएजी च्या जागी जीटीजी, आणि रक्ताची पेशी विळ्यासारखी वाकते. १९८३ मधे हे एक अक्षर १९ अक्षरांच्या प्रोबने ओळखून दाखवलं होतं, आम्हाला टीवायला ते उदाहरण म्हणून होतं, बेडूक चिरायच्या आकृतीसारखं कोरडं. पुस्तकातल्या त्या पानावर या बाईचा चेहरा नव्हता. तिच्या पोराला मी माझ्या पिशवीतली केळी दिली, मास्क नीट करून, हात लांब ठेवून. आमचा नंबर आला आणि परत ती दिसली नाही.

औषधांबद्दल थोडं, कारण कुणी शोधत असेल तर. आयसोनियाझिड वगळायचं म्हणजे चार औषधांची एकत्र गोळी चालत नाही, सगळी सुटी सुटी घ्यावी लागतात, मूठभर होतात. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, घाबरायचं नाही. धाकट्याची पहिल्या दिवशी तशी झाली तर सासूबाई धावत आल्या, त्यांना मी आधी सांगायला विसरले होते. लिव्होफ्लॉक्सासिन दुधाबरोबर, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर, अॅसिडिटीच्या औषधाबरोबर घ्यायचं नाही, दोन तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर अंगी लागत नाही. आमच्याकडे आजारी माणसाला पहिली गोष्ट दूध, त्यामुळे हे मी फ्रिजवर कागद चिकटवून लिहून ठेवलं. पायराझिनामाइडने गुडघे, पाऊल दुखायचं, टाचेत कळ आली की लगेच डॉक्टरांना सांगायचं असं बजावलं होतं कारण लिव्होने स्नायूबंधाला इजा होऊ शकते. एथॅम्ब्युटॉलसाठी डोळ्यांची तपासणी, लाल हिरवा रंग नीट दिसतो का. मी रोज सकाळी गच्चीवरून समोरच्या घराच्या हिरव्या दाराकडे बघायचे आणि मनात हिरवं म्हणायचे.

एप्रिलमधे ऊन ४३, ४४ वर गेलं, मळमळ आणि त्यात ते ऊन. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले नाही. तेव्हा माझा बेडका निगेटिव्ह आला होता, डॉक्टर म्हणाले जाऊ शकता, पण मनाने घेतलं नाही. वहिनीने व्हिडिओ कॉलवर झोका दाखवला, कडुनिंबाचा, तोच, आणि सगळ्या पोरी गाणं म्हणत होत्या, माझी मोठी त्यांच्यात. सांजोऱ्या पाठवल्या भावाने. त्या खाल्ल्या, अंगी लागल्या, मे महिन्यात काटा ४५ वर आला.

जूनमधे धाकट्याचे चार महिने संपले. त्याच महिन्यात मी क्लास परत सुरू केले, आधी डॉक्टरांचं लेखी घेऊन, ते पालकांच्या ग्रुपवर टाकून. सात जण परत आले, तीन नाही आले. त्या विचारणाऱ्या पालकांची मुलगी आली.

एक आकडा मी पालकांना सांगितला, इथेही सांगते. देशभर जी मोठी ड्रग रेझिस्टन्सची पाहणी झाली होती, २०१४ ते १६, तिच्यात कधीच टीबीचं औषध न घेतलेल्या नव्या पेशंटमधे सुद्धा ११ टक्क्यांच्या आसपास लोकांना आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू निघाला होता. म्हणजे मी काही अपवाद नाही, औषध मधेच सोडलं म्हणून हे झालं असंही नाही, मला जंतू तसाच लागला. लोक तोंडावर विचारतात, गोळ्या चुकवल्या असतील ना? नाही चुकवल्या. एकही नाही. त्यामुळे तुमच्या घरात कुणाला टीबी निघाला आणि सीबीनॅटमधे रिफाम्पिसिन ठीक आलं तर आनंद माना जरूर, पण लगेच विचारा की एलपीएला सॅम्पल गेला का, कधी गेला, पोचला का, आणि पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर परत विचारा. ती टेस्ट सरकारी दवाखान्यात मोफत आहे. विचारायला संकोच करू नका, आमच्या इथल्या दादांनी तर नंतर सांगितलं की ताई, पेशंट विचारतो तेव्हा आम्हालाही पाठपुरावा करायला बरं पडतं.

श्रावणात कानबाईच्या सणाच्या रविवारी माझ्या गोळ्यांचे शेवटचे तीन दिवस राहिले होते. रोट सगळ्या भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे असतात, मी सवयीने माझं ताट घेऊन बाजूला बसायला निघाले तर सासूबाईंनी हाताला धरून मधे बसवलं. बोलल्या काही नाहीत. मोठ्या जाऊबाईंनी पुरणाचा रोट वाढला.

शेवटच्या बेडक्याचं कल्चर लावलं होतं, त्यात काही उगवत नाही हे ठरवायला ४२ दिवस थांबतात. सप्टेंबरात मेसेज आला, निगेटिव्ह. वजन ४९. आता दोन वर्षं दर सहा महिन्यांनी एक बेडका द्यायचा आहे, पहिला फेब्रुवारीत. डबी आत्ताच आणून ठेवलीय, गच्चीच्या जिन्यातल्या कोनाड्यात, पोरांचा हात पोचणार नाही अशी.